पॅड नवे, क्लिपा जुन्या

तरसालीच्या आयटीआयमधून मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स करून बडोद्यातल्या गॅरेजात लागलात, की ब्रेकचं काम लवकरच हाती येतं. पॅड बदलायला कुणीही पटकन शिकतो. पण आठ दिवसांत तीच गाडी चीं-चीं करत परत येते आणि बिचाऱ्या पॅडवर खापर फुटतं. बऱ्याचदा पॅड चांगला असतो. खोट असते ती पॅडच्या कानांखालच्या, म्हणजे दोन टोकांच्या खाचेत बसणाऱ्या भागांखालच्या, पातळ पत्र्याच्या क्लिपांत, आणि त्याहून जास्त त्या क्लिपांखाली धरलेल्या गंजात.

पॅड ज्या चौकटीत बसतात तो ब्रॅकेट बिडाचा, क्लिप स्टेनलेसची. पॅड अलगद सरकावा आणि खडखडू नये, एवढंच क्लिपचं काम. बिडाला गंज चढला की तो फुगतो, क्लिपला वर उचलतो आणि पॅडची जागा आवळते. मग ब्रेकवरून पाय काढला तरी पॅड डिस्कला, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकडीला, घासत राहतो. विश्वामित्री नदीच्या पुराचं गाळपाणी ज्या गाड्यांच्या चाकांत शिरलं, ऑगस्ट २०२४मध्ये तशा कितीतरी होत्या, त्यांच्यात हा आजार हमखास शोधावा.

गाडी सपाट जागी घ्या, मागच्या चाकांना ठोकळे लावा, व्हील नट जमिनीवरच सैल करा आणि जॅकनंतर घोडी (गाडी पेलणारा स्टँड) लावल्याशिवाय हात आत घालू नका. कॅलिपर म्हणजे पॅडला डिस्कवर दाबणारा जबडा. त्याचा खालचा बोल्ट काढून तो वर उचलता येतो. पूर्ण काढलात तर तारेने स्प्रिंगला बांधा. ब्रेक ऑइलच्या नळीवर लोंबकळला तर नळी आतून फाटते, बाहेरून काही दिसत नाही.

जुने पॅड टाकून देण्याआधी नीट बघा, निदान तिथेच मिळतं. आतला पॅड झिजलेला आणि बाहेरचा जाड असेल, तर बहुधा स्लाइड पिन, म्हणजे कॅलिपर जिच्यावर सरकतो ती पिन, जाम आहे. एकच पॅड तिरका झिजला असेल, तर पिन किंवा पॅडचा कान अडकला आहे. दोन्ही पॅड सारखे झिजले, पण दुसऱ्या चाकापेक्षा खूप जास्त, तर पिस्टन (कॅलिपरमधला पॅडला ढकलणारा दट्ट्या) किंवा नळी तपासा. पॅडवरचा घासणारा थर, म्हणजे मसाला, ३ मिमीच्या आसपास आला की बदलायचा, आणि नेहमी दोन्ही चाकांचे मिळून चार पॅड. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. डिस्कची आताची जाडी मायक्रोमीटरने मोजून तिच्याशी ताडा, अंदाजाने नाही.

आता क्लिपा. सेटमध्ये नव्या आल्या असतील तर त्याच लावा. आल्या नसतील तर वेगळ्या मागवा. गिऱ्हाइकाला थोडा जास्त खर्च समजावून सांगायला लाजू नका. जुनी क्लिप काढल्यावर ब्रॅकेटची बैठक वायर ब्रशने आणि बारीक कानसेने चकचकीत होईपर्यंत साफ करा. गंज काढायचा, बीड खायचं नाही. नवी क्लिप खटकन बसायला हवी. पॅड बोटांच्या जोराने आतबाहेर सरकला पाहिजे. हातोडीने ठोकून बसवावा लागत असेल, तर सफाई राहिली आहे. अशा वेळी पॅडचा कान घासून बारीक करणारे असतात. तसं करू नका, दोष ब्रॅकेटमध्येच राहतो.

पिन काढताना वरची कोणती, खालची कोणती, खूण करा. काही गाड्यांत एकीवर रबराची बाही असते आणि अदलाबदल चालत नाही. ग्रीस सिलिकॉनचंच. ब्रेक ऑइलच्या नावात ऑइल असलं, तरी ते खनिज तेल नाही. साधं ग्रीस मात्र खनिज तेलाचं असतं, त्याने पिनांवरचे रबरी बूट आणि सील फुगतात. भोकात ग्रीस ठासून भरलं, तर आतली हवा पिनला परत बाहेर ढकलते. पॅडच्या कानांना ब्रेक ग्रीसचा पातळ हात पुरे, मसाल्याला आणि डिस्कला एक थेंबही नाही.

नव्या जाड पॅडला जागा व्हावी म्हणून पिस्टन मागे न्यावा लागतो. त्याआधी ब्रेक ऑइलच्या टाकीचं झाकण उघडा. ऑइल काठापर्यंत असेल तर थोडं काढून घ्या, सांडलं तर रंग उडवतं. जुना पॅड मध्ये धरून सी-क्लॅम्पने सावकाश दाबा. मागच्या काही कॅलिपरांत पिस्टन फिरवून आत न्यावा लागतो, तिथे क्लॅम्प लावला तर आतली यंत्रणा मोडते. इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असेल तर आधी स्कॅनरने सर्व्हिस मोड लावा. बोल्टचा टॉर्क त्या-त्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्या.

चाक चढवलं की गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत मारा. हे विसरलात तर पहिल्या ब्रेकला पेडल तळाला जातं आणि समोरची भिंत थांबवते. मग नवे पॅड डिस्कवर नीट बसावेत म्हणून जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहतीतल्या) मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० किमीवरून १०पर्यंत, पूर्ण न थांबता, ८-१० वेळा ब्रेक लावा. दर वेळी मध्ये थोडं अंतर मोकळं चालवा, म्हणजे डिस्क निवते.

परत आल्यावर डिस्कला हात न लावता दोन्ही चाकांजवळ तळहात धरा. एक चाक दुसऱ्यापेक्षा जास्त तापलेलं जाणवलं तर ते उघडा आणि पहिल्यांदा क्लिप काढून तिच्या खाली बघा.