उष्टावण आणि त्यानंतरचे घास

सहा महिने पूर्ण झाले की बाळाला नुसतं दूध पुरत नाही. पोटात असताना साठलेलं लोह तोवर संपत आलेलं असतं. मामाच्या हातून खीर चाटवून उष्टावण जरूर करा, पण मुहूर्तासाठी महिना-दोन महिने थांबू नका. बाळ मान सावरतंय, आधाराने बसतंय आणि घास जिभेने बाहेर ढकलत नाही, एवढं पाहा.

सुरुवात मऊ मूगखिचडीने करा: २-३ चमचे, दिवसातून २-३ वेळा. चमचा तिरपा केला तरी ती पटकन ओघळता कामा नये. भाताची पेज, वरणाचं पाणी यांनी चिमुकलं पोट भरतं, ऊर्जा मात्र फार थोडी मिळते. बऱ्याच बाळांचं वजन इथेच अडतं. खिचडीत अर्धा चमचा तूप, शिजवून कुस्करलेली पालेभाजी आणि लिंबाचे थेंब घाला. लिंबामुळे डाळीतलं लोह जास्त शोषलं जातं. घरात चालत असेल तर पूर्ण शिजलेलं अंडंही द्या.

नवव्या महिन्यापासून २५० मिलिच्या वाटीने अर्धी वाटी, दिवसातून ३-४ वेळा. सगळं मिक्सरमधून काढू नका, चावायला शिकणं लांबतं.

वर्षाच्या आत मध नको, घुटीतूनही नको: त्यातल्या जिवाणूंमुळे बोटुलिझम, म्हणजे स्नायू लुळे पाडणारा गंभीर आजार, होऊ शकतो.