हॉप्सचा वेल घरी कसा लावायचा आणि त्याची बोंडं कशी वापरायची

हॉप्स म्हणजे बियरला कडूपणा आणि वास देणारी ती हिरवी बोंडं. गांजा आणि हॉप्स एकाच कॅनाबेसी कुळातले, पण हॉप्समध्ये टीएचसी (गांज्यातला नशा आणणारा घटक) नसतं त्यामुळे नशेचा प्रश्नच नाही. नर-मादी झाडं मात्र दोघांचीही वेगवेगळी, आणि आपल्याला हवी ती बोंडं फक्त मादी वेलालाच येतात.

म्हणून सुरुवात बियांपासून करू नका. नर निघाला तर सगळी मेहनत फुकट. नर्सरीतून मादी वेलाचा राइझोम, म्हणजे डोळे असलेला मुळासारखा जाड तुकडा, किंवा तयार रोप घ्या. नवीन असाल तर कॅस्केड ही जात घ्या, १९७२ साली अमेरिकेत बाजारात आली, पीक भरपूर आणि फार नखरे नाहीत.

लावण्याआधी जागा बघा. दिवसाचे सहा-आठ तास ऊन हवं, पाण्याचा निचरा चांगला हवा आणि वर चढायला उंची हवी कारण वेल पाच-सहा मीटर सहज जातो. हॉप्सची मोठी शेती साधारण ३५ ते ५५ अक्षांशांच्या पट्ट्यात होते, आणि त्याला कारण आहे उन्हाळ्यातला लांब दिवस. दिवस लहान असेल तर वेल पुरता वाढायच्या आतच फुलायला लागतो आणि बोंडं मूठभर मिळतात. विषुववृत्ताच्या जवळ राहत असाल तर अपेक्षा कमी ठेवा, किंवा संध्याकाळी जास्तीचा लाइट द्या.

थंडी संपली की राइझोम आडवा ठेवून पाचेक सेंटीमीटर माती टाका, मातीत कंपोस्ट मिसळलेलं असू दे. कुंडीत लावायचा असेल तर किमान ५० लिटरची घ्या, लहान कुंडीत मुळं कोंडतात. कोंब बरेच येतील, त्यातले दोन-तीन जोमदार ठेवून बाकीचे छाटा (कोवळे कोंब भाजी म्हणून खाता येतात, छान लागतात). मग जाड खरखरीत दोरी बांधा आणि वेल तिच्यावर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गुंडाळा, उलटा गुंडाळलात तर तो सोडवून घेतो. वेलावर बारीक आकडे असतात, उघड्या हाताने काम केलं तर ओरखडे आणि पुरळ ठरलेलं, त्यामुळे फुल बाह्यांचा शर्ट आणि ग्लोव्ह्ज घालाच.

वेल वाढला की खालच्या अर्ध्या-पाऊण मीटरची पानं काढून टाका. हवा खेळती राहते, बुरशी कमी लागते. पाणी मुळाशी द्या, पानांवर नको. मावा आणि लाल कोळी या किडी लागल्यात का, ते अधूनमधून पानं उलटून बघत राहा. पहिल्या वर्षी वेल मुळंच जमवत असतो, बोंडं कमी आली म्हणून उपटू नका.

आता खरी कसोटी, तोडणी कधी करायची. कच्चं बोंड दाबलं तर मऊ, ओलसर लागतं आणि दाबलेलंच राहतं. तयार झालेलं कागदासारखं कुरकुरीत लागतं, दाबून सोडलं की परत फुगतं. एक उभं फाडा, आत पाकळ्यांच्या तळाशी गडद पिवळी चिकट पूड दिसेल, ती ल्युप्युलिन, सगळा माल तोच. बोटांवर चोळून वास घ्या, ताज्या गवताचा आला तर थांबा, लिंबाचा किंवा राळेचा तिखट वास आला तर तोडा. पाकळ्यांच्या कडा थोड्या तपकिरी झाल्या तर चालतं, पूड नारिंगी दिसली तर मात्र उशीर झाला.

तोडल्यावर लगेच जाळीवर एका थरात पसरा, सावलीत, पंखा लावून. दोन-तीन दिवस लागतात. ओव्हन वापरलात तर ६० अंशांच्या वर जाऊ नका. मधला दांडा वाकवल्यावर कट्कन तुटला की झालं. हवा काढलेल्या पिशवीत भरून फ्रीझरमध्ये टाका, कारण उजेड, ऊब आणि हवा लागली की हळूहळू जुन्या चीजसारखा वास मारायला लागतो आणि तो जात नाही.

वापरायचं म्हणाल तर घरची बियर हा एक मार्ग (परवानगी आहे का ते आधी बघा). मला स्वतःला चहा आवडतो, कपभर गरम पाण्यात दोन-तीन बोंडं पाच मिनिटं, वरून मध, तरी कडू लागतोच. तो रात्री घ्या, सुस्ती येऊ शकते. झोपेच्या गोळ्या चालू असतील किंवा गरोदर असाल तर घेऊ नका. आणि घरात कुत्रा असेल तर बोंडं, चोथा सगळं त्याच्यापासून लांब ठेवा, हॉप्स खाल्ल्याने कुत्र्याचा ताप जिवावर बेतेल इतका चढतो.