अमेरिकेत नववी ते बारावी : मुलांचं वेळापत्रक ऑगस्टच्या आधी आखा

भारतातून नव्याने आलेली कुटुंबं बहुतेक वेळा पहिला प्रश्न विचारतात तो चांगल्या हायस्कूलचा. त्याचं उत्तर घराच्या भाडेकरारात असतं. सरकारी शाळा पत्त्यावरून मिळते. पत्ता ज्या हद्दीत, त्या हद्दीची शाळा. एच-फोर, म्हणजे नोकरदाराच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर असलात तरी फी नाही. पण त्या शाळेत तुमचं मूल कोणते विषय, कोणत्या पातळीवर आणि कोणत्या क्रमाने शिकणार, हा त्याहून मोठा प्रश्न आहे. तो शाळा सुरू झाल्यावर विचारला जातो, आणि तोवर बरंचसं ठरून गेलेलं असतं.

महाराष्ट्रात वेळापत्रक वर्गाचं असतं. नववी 'ब'ची सगळी मुलं दिवसभर एकाच खोलीत, शिक्षक तासाला येऊन जातात, विषय जवळपास सगळ्यांना सारखे. मोठी निवड एकदाच, दहावीच्या निकालानंतर. इथे वेळापत्रक मुलाचं असतं. शिक्षक आपापल्या खोलीत आणि मुलं घंटा झाली की दप्तर उचलून पुढच्या खोलीत. दहावीतल्या मुलाच्या शेजारी केमिस्ट्रीला अकरावीची मुलगी बसलेली असू शकते, आणि गणितात तोच मुलगा बारावीच्या मुलांबरोबर असू शकतो. सायन्स साइड, कॉमर्स साइड असं काही नाही. थोडी थोडी निवड दरवर्षी करायची, आणि आधीच्या वर्षाची निवड पुढच्या वर्षाचे दरवाजे उघडते किंवा बंद करते.

हा सगळा हिशेब क्रेडिटवर चालतो. विषय पास झाला की क्रेडिट मिळतं आणि ठरलेली क्रेडिटं जमली की डिप्लोमा, म्हणजे हायस्कूल पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र. मागे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका विषयाचे वर्षाला १२० तास असं माप ठरलं, त्याला कार्नेगी युनिट म्हणतात, आणि आजची क्रेडिट पद्धत त्यावरूनच आली आहे. मात्र मोजणी राज्यागणिक वेगळी. टेक्सासमध्ये पायाभूत आराखडा २२ क्रेडिटचा आणि एन्डॉर्समेंट, म्हणजे एखाद्या क्षेत्रावर भर देणारे जादा विषय, घेतलं तर २६. न्यू जर्सीत १२० लागतात, कारण तिथे वर्षभर रोज शिकलेला एक विषय ५ क्रेडिटचा धरतात. म्हणून टेक्सासमधल्या डॅलसच्या मावसभावाचा सल्ला न्यू जर्सीतल्या एडिसनला जसाच्या तसा लागू होत नाही. आपल्या शाळेचं 'कोर्स कॅटलॉग' किंवा 'प्रोग्राम ऑफ स्टडीज' नावाचं पुस्तक शाळेच्या संकेतस्थळावर असतं, ते आई-वडिलांनी स्वतः वाचावं. कोणत्या विषयाआधी कोणता विषय झालेला हवा, हे प्रत्येक विषयाखाली लिहिलेलं असतं. मी तर म्हणेन की घर शोधतानाच ते वाचा. दोन शेजारी गावांच्या शाळांमधला खरा फरक घरांच्या किमतीपेक्षा त्या पुस्तकात जास्त दिसतो.

आता कागदपत्रं. निघण्यापूर्वी भारतातल्या शाळेतून आठवी, नववी आणि झाली असेल तर दहावी, अशा प्रत्येक वर्षाच्या गुणपत्रिका सही-शिक्क्यासह घ्या. शाळा सोडल्याचा दाखला आपल्याकडे महत्त्वाचा, पण इथे त्याने क्रेडिट मिळत नाही. क्रेडिट मिळतं ते विषयवार गुणांवर. नववीची गुणपत्रिका विशेष जपा. आपल्याकडे नववीला कोणी फारसं विचारत नाही, इथे मात्र हायस्कूल नववीपासूनच धरतात.

गुणांच्या बाबतीत एक धोका आहे. एसएससी बोर्डात ७५ टक्क्यांना प्रावीण्य म्हणतात. अमेरिकेतल्या बहुतेक शाळांत ९० ते १०० म्हणजे 'ए' आणि ७५ म्हणजे मधला 'सी'. कोणी आकडा सरळ उचलून लिहिला, तर हुशार मुलाचा जीपीए (सगळ्या विषयांच्या श्रेणींची सरासरी) पहिल्याच दिवशी खाली जातो. काही डिस्ट्रिक्ट (त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारी यंत्रणा) परदेशी गुण जीपीएत धरतच नाहीत, फक्त 'पास' लिहून क्रेडिट देतात. काहींकडे रूपांतराचा तक्ता असतो. तुमच्याकडे कोणती पद्धत आहे ते पहिल्याच भेटीत विचारा आणि बोर्डाची श्रेणीपद्धत छापलेला कागद सोबत ठेवा. ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे हायस्कूलच्या सगळ्या विषयांच्या आणि श्रेणींच्या अधिकृत पत्रकावर, नोंद झाली की ती बदलून घेणं फार कठीण जातं. ती नोंद पाहण्याचा आणि चुकीची असेल तर दुरुस्ती मागण्याचा हक्क पालकांना १९७४ च्या फर्पा या शैक्षणिक नोंदींविषयीच्या कायद्याने दिला आहे, तेव्हा प्रत मागायला संकोच करू नका.

गणिताचं थोडं सविस्तर सांगते, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. महाराष्ट्र बोर्डाचं नववीचं गणित भाग १ आणि भाग २ असं असतं, म्हणजे बीजगणित आणि भूमिती एकाच वर्षी शेजारी शेजारी. इथे ते उभ्या ओळीत लावतात : एक वर्ष अल्जिब्रा वन, एक वर्ष जॉमेट्री, मग अल्जिब्रा टू, मग प्रीकॅल्क्युलस, मग कॅल्क्युलस. काही शाळांत इंटिग्रेटेड मॅथ वन, टू, थ्री असतं, ते आपल्या पद्धतीच्या जवळचं. गुणपत्रिकेवर नुसतं 'गणित' वाचून काउन्सेलरला (विषय ठरवायला मदत करणाऱ्या शाळेतल्या सल्लागाराला) मुलाचं काय झालंय हे कळायला मार्गच नसतो आणि तो सुरक्षित म्हणून खालच्या वर्गात घालतो. त्यावर उपाय म्हणजे दोन्ही पुस्तकांची अनुक्रमणिका. इंग्रजी माध्यमाच्या पुस्तकाच्या त्या पानांची प्रत आणा, मूल मराठी माध्यमातलं असेल तरीही. बहुपदी, त्रिकोण, वर्तुळ, त्रिकोणमिती ही प्रकरणं समोर दिसली की चर्चा वेगळी होते. शिवाय मुलाला कोणत्या पातळीच्या वर्गात घालायचं ते ठरवणारी प्लेसमेंट टेस्ट मागा. अल्जिब्रा वन नववीत सुरू झालं की सरळ ओळीत बारावीत प्रीकॅल्क्युलस येतं. कॅल्क्युलस हवं असेल तर अल्जिब्रा वन आठवीत झालेलं हवं किंवा मधे एखादा उन्हाळा खर्ची घालावा लागतो. इंजिनिअरिंगकडे कल असेल तर ही पायरी पहिल्याच वर्षी नीट बसवून घ्या. पण केवळ इतरांची मुलं पुढे आहेत म्हणून ढकलू नका. अल्जिब्रा टू कच्चं राहिलेल्या मुलाला कॅल्क्युलस पेलत नाही.

आपलं सगळं लक्ष गणित-विज्ञानावर असतं, आणि डिप्लोमा अडतो तो भलत्याच ठिकाणी. उशिरा आलेल्या मुलांची क्रेडिटं कमी पडतात ती इंग्रजी, अमेरिकेचा इतिहास, नागरिकशास्त्र, पीई (शारीरिक शिक्षण), हेल्थ आणि कला यांत. दहावी करून आलेलं मूल अकरावीत बसलं तर दोन वर्षांत हे सगळं भरून काढायचं, वर एपीचे (अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट, म्हणजे हायस्कूलमध्येच शिकायचे कॉलेजच्या पातळीचे) विषय घ्यायचे, म्हणजे दिवसात जागाच उरत नाही. म्हणून शाळा दहावीतच बसवू म्हणत असेल, तर "वर्ष वाया गेलं" असं लगेच म्हणू नका. ज्याचं इंग्रजी लिखाण अजून अडखळतं, त्याला तीन वर्षं मिळणं माझ्या मते फायद्याचंच आहे. निबंध, संदर्भ देऊन लिहिणं, वर्गात उभं राहून मत मांडणं याची सवय अंगी यायला वेळ लागतो, आणि कॉलेजचे अर्ज तर बारावीच्या सुरुवातीलाच जातात.

पीई किंवा हेल्थ उन्हाळ्यात ऑनलाइन करून एक तास मोकळा करता येतो. फ्लोरिडासारख्या राज्यांत सरकारी व्हर्च्युअल शाळाच आहे. पण काउन्सेलरची लेखी परवानगी आधी, फी नंतर.

नोंदणीच्या वेळी घरी कोणती भाषा बोलता हे विचारणारा फॉर्म येतो. मराठी लिहिलं की मुलाची इंग्रजीची चाचणी होते. ती टाळण्यासाठी 'इंग्रजी' लिहा, असा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. तो ऐकू नका, खरं तेच लिहा. मूल चाचणी पास झालं तर विषय तिथेच संपतो. नाही झालं तर त्याला भाषेची जी मदत मिळते, ती कायद्याने त्याच्या हक्काची आहे. त्या मदतीचा वर्ग वेळापत्रकातला कोणता तास घेणार, तेवढं विचारून घ्या. मदत नाकारण्याचाही अधिकार पालकांना आहे, पण तरी दरवर्षीची चाचणी ठरलेली पातळी येईपर्यंत द्यावीच लागते.

आता वेळापत्रक खरं तयार कसं होतं ते पाहा. साधारण जानेवारी ते मार्च या काळात मुलं पुढच्या वर्षाच्या विषयांची मागणी नोंदवतात. शाळा त्या मागण्या मोजते, त्यावरून कोणत्या विषयाचे किती सेक्शन (तुकड्या) काढायचे आणि किती शिक्षक लागतील हे ठरवते, आणि मग उन्हाळ्यापर्यंत सगळ्या शाळेचं मोठं वेळापत्रक जुळवते. इंग्रजी दहावीचे आठ-दहा सेक्शन असतात, ते कुठेही बसतं. पण ऑर्केस्ट्रा, एपी फिजिक्स सी, चौथ्या वर्षाचं फ्रेंच यांचा बहुधा एकच सेक्शन निघतो. समजा ऑर्केस्ट्रा तिसऱ्या पीरियडला आहे आणि एपी केमिस्ट्रीचा एकुलता एक सेक्शनही तिसऱ्यालाच आला, तर मुलाला दोन्हीपैकी एकच मिळणार. त्यात काउन्सेलरचा दोष नसतो, तो आडमुठेपणाही नसतो. त्यामुळे मागणीच्या फॉर्मवर पर्यायी विषयांच्या रकान्यात वाटेल ते भरू नका. मुख्य विषय बसला नाही तर संगणक तोच पर्याय उचलतो, आणि सप्टेंबरभर मूल नको असलेल्या वर्गात बसतं.

ऑगस्टमध्ये येणाऱ्यांच्या वाट्याला उरलेल्या जागा येतात. यावर मार्ग आहे, पण घाई करावी लागते. भाडेकरार हातात आला की त्याच आठवड्यात नोंदणी करा. जुलैत शाळेचं ऑफिस बंद असलं तरी डिस्ट्रिक्टचं नोंदणी कार्यालय बहुधा चालू असतं. काउन्सेलर शाळा उघडण्याच्या थोडं आधी कामावर येतात, तेव्हाची पहिली वेळ मागून घ्या. एका काउन्सेलरमागे २५० मुलं असावीत, अशी त्यांच्याच राष्ट्रीय संघटनेची शिफारस आहे आणि प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी त्याहून कितीतरी जास्त असतात. तुमच्या मुलासाठी अर्धा तास मिळाला तर तो तयारीने वापरा : एका कागदावर झालेले विषय, हवे असलेले विषय त्यांच्या महत्त्वाच्या क्रमाने, आणि एकच मुख्य प्रश्न. भेटीला मुलाला सोबत न्या आणि बोलू त्याला द्या. आपल्याकडे पालकच बोलतात, इथे काउन्सेलर मुलाकडे पाहून प्रश्न विचारतो, आणि पुढे कॉलेजसाठी शिफारसपत्र लिहायला हाच माणूस असतो. शाळा सुरू झाल्यावर विषय बदलण्याची मुदत छोटी असते. त्यानंतर सोडलेल्या विषयाची खूण ट्रान्सक्रिप्टवर राहू शकते.

दिवसाची रचनाही विचारून घ्या. काही शाळांत रोज सात पीरियड पंचेचाळीस-पन्नास मिनिटांचे. काही ठिकाणी ब्लॉक, म्हणजे नव्वद मिनिटांचे चार तास, 'ए' दिवशी चार विषय आणि 'बी' दिवशी दुसरे चार. जिथे चार विषय एका सेमिस्टरमध्येच संपवतात, तिथे एक अडचण संभवते : एपीचा विषय जानेवारीत संपला तरी परीक्षा मेमध्येच असते. आणि गणित शरद ऋतूत संपलं तर पुढचं गणित थेट वर्षभराने येऊ शकतं. अशा शाळेत गणित कोणत्या सेमिस्टरला बसतंय याकडे बारकाईने पाहा.

एपीबद्दल आपल्या लोकांत फार ओढाताण असते. कॉलेज बोर्ड या संस्थेची ही परीक्षा १ ते ५ गुणांची, आणि तिची नोंदणी शरद ऋतूतच करावी लागते, मेमध्ये आठवण होऊन उपयोग नाही. बऱ्याच शाळा जीपीएत एपीच्या 'ए'ला ४ ऐवजी ५ धरतात, म्हणून मुलं एपीच्या मागे लागतात. पण नव्या देशातल्या पहिल्या वर्षी एक, फार तर दोन पुरे. ज्या विषयात मुलाचा पाया पक्का आहे तोच घ्यावा, बहुधा गणित किंवा संगणकशास्त्र. एपी यूएस हिस्टरीत वाचन प्रचंड आणि सगळी पार्श्वभूमी नवी. पहिल्याच वर्षी त्याच्या वाटेला जाऊ नये. झोपेचाही विचार करा. किशोरवयीन मुलांची शाळा सकाळी ८:३० च्या आधी भरू नये, असं अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१४ मध्ये सांगितलं, आणि कॅलिफोर्नियाने २०२२ पासून बहुतेक सरकारी हायस्कूलसाठी तसा नियमच केला. तरी अनेक राज्यांत अजून साडेसातच्या सुमाराला घंटा होते आणि बस त्याच्याही आधी येते. रात्री एकपर्यंत गृहपाठ पुरवणारं वेळापत्रक जानेवारीपर्यंत मुलाला थकवून टाकतं.

दुसऱ्या भाषेचा विषयही पहिल्या वर्षीच ठरवा. कॅलिफोर्निया विद्यापीठासाठी इंग्रजीखेरीज एका भाषेची दोन वर्षं लागतात, तीन असतील तर उत्तम, आणि ती सलग झालेली बरी. भारतात शिकलेली मराठी किंवा हिंदी यात धरतील का, हे जरूर विचारा. काही डिस्ट्रिक्ट परीक्षा घेऊन क्रेडिट देतात, काही भारतातली गुणपत्रिका मान्य करतात. मान्य झालं तर स्पॅनिशचा दोन वर्षांचा तास वाचतो आणि तिथे मुलाच्या आवडीचं चित्रकला, रोबोटिक्स किंवा संगीत बसतं. त्या आवडीच्या एका तासासाठी मी नेहमी आग्रह धरते. नव्या शाळेत पहिले मित्र बहुतेक तिथेच मिळतात.

बारावीचं वर्ष मोकळं ठेवण्याची इथल्या मुलांत पद्धत आहे : क्रेडिटं पुरी झाली की दोन-तीन तास रिकामे. कॉलेजं मात्र अर्जासोबत बारावीचे विषय पाहतात आणि प्रवेशानंतर अंतिम ट्रान्सक्रिप्टही मागवतात. त्या मोकळ्या तासांत जवळच्या कम्युनिटी कॉलेजचा ड्युअल एन्रोलमेंटचा, म्हणजे हायस्कूल आणि कॉलेज दोन्हीकडे धरला जाणारा, एखादा वर्ग घेता येतो, अनेक राज्यांत तो हायस्कूलच्या मुलांना फुकट किंवा अगदी कमी खर्चात मिळतो. त्याची विचारणा अकरावीच्या फेब्रुवारीत, त्याच मागणीच्या फॉर्मच्या वेळी करा, कारण दोन्हीकडच्या तासांची वेळ आणि मधला प्रवास त्या फॉर्मवरच जुळवावा लागतो.