बुडालेले जहाज पाहताना: नागपूरच्या नवख्या डायव्हरसाठी

नागपूरला समुद्र नसल्यामुळे आपल्याकडच्या स्कूबा डायव्हरच्या (पाठीवर हवेचा सिलिंडर घेऊन बुडी मारणाऱ्याच्या) बुड्या वर्षातल्या एखाद्या सहलीपुरत्याच होतात आणि मधल्या काळात अंगवळणी पडलेले बरेच काही विसरले जाते. बुडालेल्या जहाजाजवळ ही विस्मृती महागात पडू शकते, म्हणून तयारीची सुरुवात गावातल्या जलतरण तलावातच, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली करावी.

तळाशी आडवे होऊन एका फरशीवर नजर रोखावी आणि हात न हलवता तिच्यापासून वीतभर वर पाच मिनिटे स्थिर राहावे. श्वास घेतला की शरीर किंचित वर येते, सोडला की खाली जाते; हा चढउतार केवळ श्वासाने आवरता आला पाहिजे. ते जमले की पाय बेडकासारखे फाकवून मागे ढकलण्याचा सराव करावा, कारण वरखाली मारलेल्या फिन्समुळे (पायांतल्या वल्ह्यांमुळे) तळाचा गाळ उसळतो आणि समोरचा बडी, म्हणजे बुडीतला जोडीदारही दिसेनासा होतो. तलावातला अंदाज दोन बाबतींत मात्र फसवतो. खारे पाणी सुमारे अडीच टक्के जड असते, त्यामुळे सामानासह १०० किलो भरणाऱ्या माणसाला समुद्रात खाली जाण्यासाठी अंगावर अंदाजे अडीच किलो शिशाचे वजन जास्त लागते. आणि २० मीटर खोलीवर सिलिंडरमधली हवा पृष्ठभागाच्या तिप्पट वेगाने संपते.

पहिले जहाज म्हणून मी बालीतल्या तुलांबेनचे ‘लिबर्टी’ सुचवेन. १९४२ मध्ये जपानी पाणबुडीच्या टॉर्पेडोने निकामी झालेले हे मालवाहू जहाज किनाऱ्यावर आणून ठेवले होते. १९६३ च्या आगुंग ज्वालामुखीच्या उद्रेकात ते पाण्यात सरकले. आज ते साधारण ५ ते ३० मीटर खोलीत आहे आणि किनाऱ्यावरून चालत पाण्यात उतरता येते. ओपन वॉटर या डायव्हिंगच्या प्राथमिक प्रमाणपत्राची मर्यादा १८ मीटर आहे. जहाजाचा उरलेला भाग खाली खुणावत असला तरी ती ओलांडू नये.

आत शिरू नये, हे मी कळकळीने सांगते. पलीकडे उजेड दिसणारे भगदाड निरुपद्रवी वाटते. परंतु आत गेल्यावर डोक्यावर पत्रा येतो, सरळ वर येण्याची वाट बंद होते आणि लोंबणाऱ्या तारांत सिलिंडर अडकू शकतो. वाटाड्याने आग्रह केला तरी खुणेने स्पष्ट नकार द्यावा. बाहेरूनही पाहण्यासारखे पुष्कळ असते: टॉर्चचा झोत टाकताच करडा दिसणारा पत्रा प्रवाळांनी लाल-केशरी होऊन उठतो. गंजलेल्या कडांना हात लावू नये. तिथे विंचूमासा बेमालूम बसलेला असतो. जाळी अडकलेली असू शकतात, म्हणून छोटा कटर जवळ असावा.

सिलिंडरमधल्या हवेचा दाब ‘बार’मध्ये मोजतात; २०० बारने सुरुवात केली असेल तर १०० बारला परत फिरावे, ५ मीटरवर ३ मिनिटे थांबावे आणि ५० बार शिल्लक असताना वर यावे.

परतीचे तिकीट काढताना रजा वाचवण्याच्या नादात शेवटच्या दिवशी बुडी ठेवू नये. अनेक बुड्यांनंतर विमानात बसण्यापूर्वी किमान १८ तास जाऊ द्यावे लागतात, आणि नागपूर गाठेपर्यंत एकापेक्षा जास्त विमाने बदलावी लागत असली तरी हे तास पहिल्या विमानाच्या उड्डाणापर्यंतच मोजायचे असतात.