जेवण फसलंच तर: पाहुणे येण्याआधीची तयारी

पाहुण्यांना आठला बोलावलं असेल तर स्वयंपाक सव्वासातला उरकायचा, अशीच आखणी करा. मधला पाऊण तास फसण्यासाठी राखून ठेवायचा. काही फसलं नाही तर त्या वेळात अंघोळ करा, ओटा पुसा. पुढची सगळी यादी हा पाऊण तास वाचवण्यासाठीच आहे. पदार्थ करपतो, खारट होतो, कच्चा राहतो, ते कोणाचंही होतं. पण ते आठ वाजून दहा मिनिटांनी लक्षात आलं की तारांबळ उडते.

चार दिवस आधी कागद घ्या आणि ठरवलेल्या प्रत्येक पदार्थापुढे लिहा, ‘हा फसला तर काय?’ दोन पदार्थांपुढची जागा कोरी राहिली, तर त्यातला एक खोडून टाका. कधीच न केलेला पदार्थ फार तर एक असावा आणि तोही बाजूचा, म्हणजे ताटात नसला तरी कुणाला पत्ता लागणार नाही असा. शेवटच्या दहा मिनिटांत गरमागरम करायचा पदार्थही एकच ठेवा. बहुतेकांचं घोडं इथेच पेंड खातं. तीन पदार्थ ‘आयत्या वेळी परतायचे’ असतात आणि परतणारी माणसं दोन हातांचीच असतात. त्याच कागदावर शेगड्या आणि पातेली मोजा. चौघांचं जेवण ज्या पातेल्यात वीस मिनिटांत होतं, तेच पंधरा जणांसाठी काठोकाठ भरलं तर उकळी यायलाच तेवढा वेळ जातो. पातेलं पातळ बुडाचं असेल तर तोवर वरचा भाग कोमट आणि तळाला लागलेलं, अशी गंमत होते. त्यापेक्षा दोन पातेल्यांत करा. मीठ-तिखट मात्र हिशोबाच्या पाऊणपटच घालून सुरुवात करा, वाढवायला नंतर मोकळीक असते.

याच दिवशी पाहुण्यांना फोन करून विचारा की काय चालत नाही. ‘आवडत नाही’ आणि ‘ॲलर्जी आहे’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्याला वरचे दाणे वेचून वाढलं तर चालत नाही, त्याचा वाटा आधीपासून वेगळ्या भांड्यात आणि वेगळ्या डावाने करावा लागतो. उत्तर ऐकलं की लगेच कागदावर उतरवा, कारण ऐनवेळी बेत बदलतो तेव्हा नेमकं हेच विसरलं जातं.

फ्रीझरमधलं काही वापरायचं असेल तर आदल्या दिवशी सकाळी खालच्या कप्प्यात काढा. दोन किलोचा गोळा सुटायला जवळजवळ पूर्ण दिवस घेतो. विसरलात तर घट्ट बंद पिशवीत घालून गार पाण्यात बुडवा आणि दर अर्ध्या तासाने पाणी बदला. अर्धा किलो तासाभरात सुटतं. मग ते लगेच शिजवायचं, परत गोठवायचं नाही. ओट्यावर उघडं ठेवून विरघळवू नका. बाहेरचा भाग गरम होऊन बसतो आणि आत बर्फ तसाच राहतो.

आदल्या संध्याकाळी दुसरी फळी भरा. दुसरी फळी म्हणजे असा पदार्थ, जो एका शेगडीवर पंचवीस मिनिटांत होतो, ज्याचं सगळं सामान घरात आहे आणि जो तुम्ही झोपेतही कराल. अंडी, बटाटे, कांदे, टोमॅटो, पाव, पास्ता, डबाबंद कडधान्य यांतून काहीतरी निघतंच. हे सामान त्या दिवशीच्या स्वयंपाकात वापरायचं नाही, ही अट घरातल्या सगळ्यांना सांगा. नाहीतर अंडी दुपारीच संपलेली असतात. घरपोच देणाऱ्या एखाद्या खानावळीचा नंबरही लिहून ठेवा. ती उद्या उघडी आहे का आणि पोचायला किती वेळ लागतो, ते आजच विचारा. तिथे फोन करायची वेळ सव्वासातची. साडेआठला केलेला फोन साडेनवाला जेवायला घालतो.

आता पातेल्याचं. एकदा आठ माणसं येणार होती आणि सात वाजून दहा मिनिटांनी मी बाहेरच्या खोलीत फोनवर बोलत होते. परत आले तर रश्शाचा वास बदललेला. जळका नव्हता अजून, भाजल्यासारखा गोडसर होता. मी घाबरून डाव तळापर्यंत घातला आणि खरवडलं. एका फिरवणीत काळे पापुद्रे वर आले आणि चार लिटर रस्सा कडू झाला. हात लावला नसता तर त्यातला तीन लिटर तरी वाचला असता. म्हणून करपल्याचा वास आला की पहिल्यांदा गॅस बंद. ढवळायचं नाही, खरवडायचं नाही. वरवरचा भाग अलगद दुसऱ्या पातेल्यात काढायचा आणि ज्या क्षणी डाव जड लागेल तिथे थांबायचं. मग वाटीभर घेऊन दुसऱ्या खोलीत, खिडकीपाशी जाऊन चाखा. स्वयंपाकघरात नाक धुराने भरलेलं असतं, तिथे सगळंच जळकं लागतं. त्यात कडवटपणा आला असेल तर फेकून द्या. मसाला वाढवून तो झाकला जात नाही, मसालेदार कडू होतो एवढंच.

फेकायचं की ठेवायचं, हे ज्याने रांधलं त्याने ठरवू नये. आमच्याकडे चाखायला दुसरा माणूस असतो आणि त्याचा शब्द शेवटचा. तीन तास खपलेल्या माणसाला स्वतःचा पदार्थ नेहमी ‘तसा बराच आहे’ असा वाटतो.

खारटपणाची तयारी मीठ घालण्याआधीच होते. बिनमिठाचा पाव भाग बाजूला काढून ठेवा, पदार्थ खारट झाला तर तो मिसळता येतो. बटाटा टाकला की मीठ शोषून घेतो, यावर माझा विश्वास नाही. बटाटा खारट पाणी शोषतो, मीठ वेचून घेत नाही, त्यामुळे उरलेलं तेवढंच खारट राहतं. बटाटा काढून न टाकता त्यातच ठेवलात तर तेवढं मीठ जास्त माणसांत वाटलं जातं, इतकाच त्याचा उपयोग. तिखटाचं निराळं. मिरचीतला जाळ पाण्यात नीट विरघळत नाही, स्निग्धात विरघळतो. म्हणून पाणी ओतण्यापेक्षा साय किंवा नारळाचं दूध घाला. काजूची पेस्टही चालते, पण आधी कागदावरची ॲलर्जी बघा!

कडधान्य शिजत नसेल तर टोमॅटो किंवा चिंच लवकर पडली का, ते आठवा. आंबटामुळे दाणा मऊ होत नाही, म्हणून आंबट नेहमी शिजल्यावर घालायचं. चिमूटभर खाण्याचा सोडा घातला तर मऊ पडतं, चिमटीपेक्षा जास्त झाला की साबणाची चव येते.

चव बिघडली तर फजिती होते, पोट बिघडलं तर पाहुणा आठवडाभर आठवण काढतो. कोंबडी कापल्यावर आत गुलाबी दिसली तर रंगावर वाद घालत बसू नका. लहान तुकडे करून पुन्हा शिजवा. जाड भागाच्या मध्यभागी ७४ अंश सेल्सिअस व्हायला हवं. स्वयंपाकाचा थर्मामीटर एकदा घेतला की हा तंटा मिटतो. पाहुणे दीड-दोन तास उशिरा येणं हाही फसण्याचाच प्रकार आहे. शिजलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये. एकतर ६० अंशांच्या वर गरम राहू द्या, नाहीतर उथळ भांड्यांत पसरून फ्रिजमध्ये घाला. भाताची जास्त काळजी घ्या. त्यातल्या काही जिवाणूंचे बीजाणू शिजवूनही टिकतात आणि बाहेर राहिलेल्या भातात ते जे विष तयार करतात, ते पुन्हा गरम केल्याने जात नाही. आणि मध्येच वीज गेली तर फ्रिज उघडून बघत बसू नका, दार बंद असेल तर साधारण चार तास आतलं गार राहतं.

तळणाच्या कढईचं झाकण हाताशी असू द्या. तेलाने पेट घेतला तर गॅस बंद, झाकण वर, आणि पाणी अजिबात नाही. कढई उचलून बाहेर नेण्याचा शहाणपणाही नको. हात भाजला तर वीस मिनिटं नळाच्या गार पाण्याखाली धरा. बर्फ, टूथपेस्ट काही लावू नका. वीस मिनिटं फार लांब वाटतात, पाहुणे दारात असतील तर जास्तच. तरी धरा.

पाहुण्यांना काय सांगायचं तेही आधी ठरवा. एक वाक्य पुरतं: ‘रस्सा करपला, आता आमलेट आणि भाजलेला पाव आहे, अर्ध्या तासात ताटं मांडते.’ काय झालं, काय मिळणार, कधी मिळणार, एवढं त्यात आलं. नंतर प्रत्येक घासाला ‘सांभाळून घ्या हं’ म्हणू नका. त्या बिचाऱ्यांना मग जेवण सोडून तुमची समजूत काढत बसावं लागतं. अर्धा तास भुकेलं माणूस शांत बसत नाही, म्हणून फळं किंवा काकडीचे काप आधीच ताटलीत तयार असू द्यात. आणि कुणी ‘काही करू का?’ म्हणालं तर ‘नको नको, बसा तुम्ही’ हे उत्तर त्या दिवशी बंद. पाणी भरणं, ताटं मांडणं, पाव भाजणं अशी तीन कामं डोक्यात तयार ठेवा आणि विचारणाऱ्याच्या हातात द्या. माझ्या त्या रात्री पाव ज्यांनी भाजला, त्यांनी अर्धे तुकडे काळे केले आणि बाकीचे जण त्यावरून त्यांनाच हसत बसले. रश्शाचा विषय तिथेच संपला.

करपलेलं पातेलं पाहुण्यांसमोर घासायला घेऊ नका. पाणी भरा, दोन चमचे खाण्याचा सोडा टाका, दहा मिनिटं उकळा आणि झाकून कोपऱ्यात ठेवून द्या. ॲल्युमिनियमचं असेल तर सोडा नको, काळं पडतं, नुसतं पाणी उकळा. सकाळी लाकडी उलथन्याने खरवडलं की थर सुटतो. नाही सुटला तर आणखी एकदा उकळा.