डीएनए रिपोर्टमधला डोपामाइन रिसेप्टर वाचताना या चुका टाळा

भंवरकुआंला कोचिंग करणाऱ्या मुलांपासून राजवाड्याजवळ राहणाऱ्या काकांपर्यंत, लाळेचा नमुना पाठवून डीएनए रिपोर्ट मागवणारे आता इंदूरच्या मराठी घरांतही सापडतात. मग विचारणा होते, "दादा, माझ्यात सी९५७टी निघालंय, डोपामाइन कमी आहे का?" इथेच पहिली गल्लत. सी९५७टी म्हणजे डीआरडी२ या जीनमध्ये ९५७व्या जागी सीऐवजी टी हे अक्षर; डोपामाइन म्हणजे मेंदूतलं निरोप पोचवणारं रसायन. डीआरडी२ हे जीन डोपामाइन बनवत नाही, डोपामाइन झेलणारा डी२ रिसेप्टर बनवतं.

सगळ्यात जास्त गोंधळ कच्च्या फाइलीत होतो. आरएस६२७७ ची ओळ (फाइलीत सी९५७टीचं हेच नाव असतं) काढली, तर तिथे ना सी, ना टी, चक्क ‘एजी’! लोक लॅबच्या नावाने खडे फोडतात. पण डीआरडी२ हे ११व्या क्रोमोसोमच्या उलट्या धाग्यावर वाचलं जातं आणि फाइलीत बहुधा सुलट धाग्याची अक्षरं असतात. डीएनएच्या दोन धाग्यांत सीसमोर जी आणि टीसमोर ए असतं, म्हणून सीच्या जागी जी, टीच्या जागी ए. ‘एजी’ म्हणजे एक सी, एक टी. इथे निदान घोळ दिसून तरी येतो. जिथे बदलच ए-टी किंवा सी-जी असा असतो, तिथे दोन्ही धाग्यांवर तीच दोन अक्षरं दिसतात आणि माणूस बिनधास्त उलटा निष्कर्ष काढून बसतो.

"सायलेंट म्यूटेशन आहे ना, मग सोडा" हेही नको. सायलेंट म्हणजे अक्षर बदललं तरी प्रोटीनमधलं अमिनो आम्ल तेच राहतं. तीन अक्षरांच्या गटात सीसीनंतर सी येवो की टी, प्रोटीनच्या ३१९व्या जागी प्रोलीन हेच अमिनो आम्ल बसतं. परीक्षेत एवढ्यावर मार्क मिळतात. पण २००३ मध्ये पेशींवरच्या प्रयोगांत टीमुळे एमआरएनएची (प्रोटीन बनवण्यासाठी निघणारी जीनची नक्कल) घडी बदलली, तो लवकर तुटू लागला, प्रोटीनही कमी बनलं. गंमत म्हणजे त्याच जीनमधला जी११०१ए हा दुसरा सायलेंट बदल एकटा असताना काही करत नव्हता, पण जोडीला आला की ९५७टीचा परिणाम पुसून टाकत होता.

मग टीवाल्यांचे रिसेप्टर कमी? तेही नाही. २००४ मध्ये फिनलंडमध्ये निरोगी माणसांचे पेट स्कॅन (किरणोत्सारी रसायन टोचून मेंदूची चित्रं) केले, तर मेंदूच्या स्ट्रायटम भागात टीटी (जीनच्या दोन्ही प्रतींत टी) असलेल्यांत डी२ची उपलब्धता जास्त निघाली, सीसी असलेल्यांत कमी. शिवाय स्कॅनमधला आकडा म्हणजे नुसती रिसेप्टरची संख्या नव्हे; टोचलेलं रसायन त्यांना किती घट्ट चिकटतं, तेही त्यात मिसळलेलं असतं. तेव्हा या एका ओळीवरून चालू गोळीचा डोस कमी-जास्त करायचा नाही.

आणि टॅक१ए हा दुसरा बदल? तो आजही डीआरडी२च्या नावावर खपवला जातो. बसतो मात्र शेजारच्या एएनकेके१ जीनमध्ये, आणि तिथे अमिनो आम्ल बदलतो, म्हणजे सायलेंटही नाही.