हॉकी संघाची ताकद जोखताना या चुका टाळा

४ ऑगस्ट २०२४, रविवारची दुपार. वावरात चिखल असल्यामुळे डवरे बंद होते आणि आमच्या बसथांब्यावरच्या पानठेल्यावर दहा-बारा जण एका मोबाईलभोवती जमले होते. सुपारीच्या बरणीला टेकवलेल्या त्या मोबाईलवर पॅरिस ऑलिम्पिकचा उपांत्यपूर्व सामना सुरू होता, भारत विरुद्ध ग्रेट ब्रिटन. सतराव्या मिनिटाला अमित रोहिदासला लाल कार्ड मिळालं. "आता कायची मॅच बे, गेली," म्हणून दोघं-तिघं उठलेसुद्धा. पण उरलेला सगळा वेळ भारत दहा जणांनी खेळला, १-१ अशी बरोबरी टिकवली आणि शूटआऊट ४-२ ने जिंकला.

ठेल्यावर आनंदाला पार उरला नाही. लगेच एक वाक्य सगळ्यांच्या तोंडी बसलं: "दहा जणाइनं ब्रिटनले पाणी पाजलं, तं अकरा जण जर्मनीले सोडतात काय?" दोन दिवसांनी, रात्री साडेदहाच्या उपांत्य सामन्यात भारत २-३ ने हरला. ते वाक्य चुकलं कुठं, हे नीट समजून घेतलं तर भारतीय संघाबद्दलच्या आपल्या निम्म्या चर्चा मार्गी लागतील.

नावं मोजणं, कामं न मोजणं

जर्मनीविरुद्ध मैदानावर अकरा जण होतेच. पण रोहिदासवर एका सामन्याची बंदी होती आणि त्याच्या जागी राखीव खेळाडू घेता आला नाही. सोळांचा संघ पंधरांवर आला. "राखीव पोट्टा बसला हाय नं, त्याले काहून नाही घेतलं?" असं ठेल्यावरच्या काकाजींनी त्या रात्री तीनदा विचारलं. प्रश्न रास्त होता, पण खरा तोटा आकड्यात नव्हता.

रोहिदास हा आपला पहिला रशर. प्रतिस्पर्ध्याला पेनल्टी कॉर्नर (बचावाच्या चुकीबद्दल मिळणारी गोलची संधी) मिळाला की गोलरेषेमागे गोलकीपरसह फक्त पाच जण उभे राहू शकतात, बाकीचे मध्यरेषेपलीकडे. चेंडू ढकलला गेला की पाचांपैकी एक जण सरळ ड्रॅगफ्लिक (स्टिकने चेंडू ओढत गोलकडे जोरात फेकायचा फटका) मारणाऱ्याच्या अंगावर धावतो, तोच रशर. गुडघ्याला पॅड, तोंडावर मास्क, आणि समोरून ताशी शंभर किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने येऊ शकणारा चेंडू. हे काम ज्याला जमतं असे खेळाडू कोणत्याही संघात दोन किंवा फार तर तीन असतात. जर्मनीचा पहिला गोल अठराव्या मिनिटाला गोन्झालो पेयाटने पेनल्टी कॉर्नरवरच केला. रोहिदास असता तर तो झालाच नसता असं मी म्हणणार नाही. पण बचावाची ती साखळी बदललेली होती आणि आमच्यापैकी एकानेही सामन्याआधी तो विचार केला नव्हता.

बैलजोडीवाल्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. जोडीतला उजवा बैल बसला तर गोठ्यात तिसरा बैल असून भागत नाही. तो उजव्या अंगाला जुंपायची सवय असलेला पाहिजे.

म्हणून हे करून पाहा. कागदावर संघाची नावं लिहू नका, कामं लिहा: गोलकीपर, पहिला रशर, ड्रॅगफ्लिक, पेनल्टी कॉर्नरला चेंडू ढकलणारा, तो थांबवणारा, मधून चेंडू पुढं नेणारा. प्रत्येकापुढं आज कोण, तो बसला तर कोण. आम्ही बाजार समितीच्या पावतीमागे असा तक्ता केला. ड्रॅगफ्लिकपुढं हरमनप्रीतनंतर जुगराज, रोहिदास, संजय अशी नावं भराभर आली. "मधून चेंडू पुढं नेणारा" या ओळीत हार्दिक सिंगनंतर पेन थांबला. मनप्रीत, विवेक सागर चांगलेच आहेत, पण हार्दिकसारखा चेंडू घेऊन पळत सुटणारा दुसरा कोण, यावर अर्धा तास वाद झाला. तो वाद मोलाचा होता.

कारण २०२३ च्या विश्वचषकात हेच घडलं. राउरकेलात इंग्लंडविरुद्ध हार्दिकचा स्नायू दुखावला आणि तो स्पर्धेबाहेर गेला. पुढं भुवनेश्वरला न्यूझीलंडविरुद्ध ३-१ ची आघाडी घेऊनही ३-३ झालं आणि शूटआऊटमध्ये आपण बाहेर पडलो. त्याच शूटआऊटमध्ये गोलकीपर श्रीजेशलाही दुखापत झाली आणि कृष्ण पाठकला ऐनवेळी गोलमध्ये उभं राहावं लागलं.

क्रिकेटचा हिशोब लावणं

विदर्भाने रणजी तीनदा जिंकल्यापासून आमच्याकडे लहान पोरगंही अकरा नावं घडाघडा सांगतं. हॉकीत "अंतिम अकरा" ला तेवढा अर्थ नाही. पंधरा-पंधरा मिनिटांची चार सत्रं, आणि खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर करता येतात. आघाडीचे खेळाडू काही मिनिटं जीव तोडून पळतात, बसतात, पुन्हा येतात. त्यामुळे बाकावरचा खेळाडू प्रत्यक्ष सामना खेळत असतो. "मनदीपले बाहेर काहून काढलं, चांगला खेळत होता" हा राग इथं लागू पडत नाही, तो परत येणारच असतो.

संख्याही लक्षात घ्या. पॅरिस ऑलिम्पिकला सोळा, २०२३ च्या विश्वचषकाला अठरा. पॅरिसच्या सोळांत गोलकीपर एकटा श्रीजेश होता, पाठक राखीव. एखादा आवडता खेळाडू वगळला म्हणून चिडण्याआधी ही दोनची तफावत पाहावी.

एका स्पर्धेवरून निकाल देणं

जून २०२५ मध्ये प्रो लीग या आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या युरोप दौऱ्यात भारत सलग सात सामने हरला. पानठेल्यावर संघ मोडीत काढून झाला. त्याच वर्षी ७ सप्टेंबरला, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, राजगीरला दक्षिण कोरियाला ४-१ ने हरवून आपण आशिया चषक जिंकला आणि २०२६ च्या विश्वचषकाची जागा पक्की केली. मग उलटी चूक सुरू झाली: "आता विश्वचषक आपलाच." आशिया चषकात नेदरलँड्स, बेल्जियम, जर्मनी, ऑस्ट्रेलिया नसतात, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. माझं मत विचाराल तर हा संघ पहिल्या चारात येण्याच्या ताकदीचा नक्की आहे, त्यापुढचं पेनल्टी कॉर्नरचा बचाव आणि हार्दिकची तब्येत ठरवील.

१९७५ चा विश्वचषक आणि आठ सुवर्णपदकं यांचा मला प्रचंड अभिमान आहे. पण आज बाकावर कोण बसलंय, याचं उत्तर त्यातून मिळत नाही.

पुढच्या सामन्यात एक करा. प्रतिस्पर्ध्याला पेनल्टी कॉर्नर मिळाला की चेंडूकडे पाहू नका, गोलरेषेवरून सर्वात आधी कोण सुटतो ते पाहा. ८ ऑगस्टला स्पेनविरुद्धच्या कांस्यपदकाच्या सामन्यात रोहिदास परतला होता. आपण २-१ ने पुढं होतो आणि शेवटचं मिनिट चालू असताना स्पेनला पेनल्टी कॉर्नर मिळाला. काकाजींनी मोबाईल बरणीवरून उचलून डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाले, "थांबा रे, पह्यले कोण निंघते ते पाहू द्या."